एकेचाळिसावा खांब

३ मार्च, मंगळवार

पोचलो एकदाचा! दोन दिवस रेल्वेत आणि एक अख्खा दिवस बसमध्ये काढून हाडं खिळखिळी झाली, पण मन टुणटुणीत आहे. सव्वीस वर्षं नकाशाखात्यात टेबलाला चिकटून देशाचे कानेकोपरे रेखाटले आणि त्यातला एकही कोपरा डोळ्यांनी पाहिला नव्हता. निघताना ही म्हणाली, तुम्हाला दूधवाल्याचं घर सापडत नाही आणि निघालात जगाला रस्ते दाखवायला. म्हणू दे. दुर्गम प्रांतांच्या पर्यटन-पुस्तिकेची नवी आवृत्ती निघतेय, आणि या गावाने खात्याला लिहून कळवलं होतं की जुना नकाशा ज्यांनी काढला त्यांनाच पाठवा. साहेबांनी पत्र माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले, तुमचे चाहते दिसतात. खोटं कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढलं.

नव्वद किलोमीटर अलीकडच्या गावात बस संपली, तिथे जीप घेऊन ड्रायव्हर आला होता. उंच, बारीक, गरजेपुरतंच बोलणारा. गाव म्हणजे एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना बसकी घरं. रस्ता संपतो तिथे जमीनच संपल्यासारखी वाटते आणि पुढे नजर पोचेल तिथवर मीठ. गावकरी त्या मैदानाला नुसतं 'पांढरी' म्हणतात. मधोमध एक काळा खडकाळ डोंगर, समुद्रातल्या बेटासारखा. त्यावर गुहा, गुहेत जुनी रंगीत चित्रं. पुस्तिकेतलं आपलं पहिल्या क्रमांकाचं प्रेक्षणीय स्थळ!

उतरलोय ते एका बाईंच्या खानावळीत, वरच्या खोलीत. साठीच्या आहेत, सगळं गाव त्यांना काकी म्हणतं. खोली लख्ख. टेबल, खुर्ची, पलंग, खिडकीतून समोर पांढरी. जेवताना समोर बसून आग्रहाने वाढलं. शाळेतले निवृत्त मास्तर मुद्दाम भेटायला आले. तो नकाशा तुम्हीच काढलात ना, असं त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. अशी माणसं आता शहरात कुठली!

४ मार्च, बुधवार

सकाळी गाव पाहिलं. चाळीस-पंचेचाळीस घरं. पूर्वी मिठावर पोट होतं, आता अर्धी घरं बंद. शाळेत बावीस मुलं. मास्तरांनी शाळेच्याच एका खोलीत छोटंसं संग्रहालय मांडलंय: मिठाचे खडे, पक्ष्यांची अंडी, जुनी अवजारं. दुसऱ्या खोलीला कुलूप होतं. ती सवडीने दाखवतो म्हणाले.

'लोक' या प्रकरणासाठी टिपणं काढायला बसलो. मागच्या आवृत्तीत मी लिहिलं होतं, 'येथील लोक साधेभोळे व आतिथ्यशील आहेत.' हेच वाक्य मी अकरा प्रांतांना चिकटवलं होतं. कोण तपासतंय? इथे मात्र ते खरं निघालं. सगळे मी ओळखीचा असल्यासारखं बघतात. रस्त्याने जाताना बायका दारात येऊन उभ्या राहतात, पण हसत नाहीत. लाजाळू असाव्यात.

भर दुपारी खिडकीतून पांढरीवर माणसं दिसली. एकामागोमाग एक, डोंगराकडे चाललेली. उन्हाच्या झळांनी पाय दिसत नव्हते, नुसती धडं तरंगत होती. पर्यटक असतील. चला, पुस्तिकेला गिऱ्हाईक आहे म्हणायचं. काकी ताक-पाणी विचारायला वर आल्या, खिडकीपाशी क्षणभर थांबल्या आणि झडप ओढून घेतली. ऊन लागेल म्हणाल्या.

६ मार्च, शुक्रवार

ड्रायव्हरने काल गरम पाण्याचे झरे दाखवले, आज लाल दरी. दरी अप्रतिम! कडे इतके लाल की शर्टावर रंग उतरेल असं वाटावं. पक्षी हजारोंनी. चौदा छायाचित्रं काढली. परतताना बोलायचं म्हणून बोललो, तुमच्याकडे पर्यटक बरे येतात की, रोज दुपारी पांढरीवर रांग दिसते. त्याने विचारलं, किती जण. मी म्हणालो, सात.

त्याने गाडी थांबवली. स्टिअरिंगवरचे हात पँटला पुसले. मग म्हणाला, "लवकर दिसले तुम्हाला. आम्हाला सहा महिने लागले होते."

अर्थ विचारला तर गाडी सुरू केली.

८ मार्च, रविवार

मास्तरांनी आज कुलूप काढलं.

खोलीत एकच टेबल होतं आणि त्यावर काचेची पेटी. आत माझी पुस्तिका, जुनी आवृत्ती, नकाशाची घडी उलगडून ठेवलेली. भिंतीवर सात फोटो. मास्तर वर्गात शिकवतात तसं शांतपणे सांगत गेले. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. काकींची लेक नुकतीच लग्न होऊन गेली होती, ती सासरच्यांना माहेर दाखवायला घेऊन आली. नवरा, सासू-सासरे, नणंद. सोबतीला मास्तरांची बायको निघाली आणि वाटाड्या म्हणून ड्रायव्हरचा धाकटा भाऊ. पूर्वी डोंगराच्या वाटेवर गावकऱ्यांनी रचलेले दगड होते. त्याच वर्षी खात्याची माणसं आली, दगड उपसून काढले आणि नव्या नकाशाबरहुकूम लोखंडी खांब रोवून गेली. दर शंभर मीटरला एक, एकूण एकेचाळीस. पुढचे कधी आलेच नाहीत. त्या दिवशी वारा सुटला, मिठाची धूळ उडाली, दहा पावलांपलीकडचं दिसेना. पोराने सरकारी खांबांवर भरवसा ठेवला. एकेचाळिसाव्या खांबापुढे मिठाचा पापुद्रा बोटभर जाड आहे आणि खाली चिखलाला तळ नाही.

सातांपैकी एकाचंही काही हाती लागलं नाही.

मी फार वाईट झालं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मास्तरांनी काचेवर बोट ठेवून वाटेची रेघ दाखवली आणि विचारलं, ही रेघ इथून का जाते? मी म्हणालो, मोजणीवाल्यांनी दिलं तसं आम्ही काढतो.

इथे तरी खरं लिहितो. ही वही माझी आहे, ही कोण वाचणार? मोजणीवाल्यांनी बरोबर दिलं होतं. नकाशाच्या त्या कोपऱ्यात 'प्रेक्षणीय स्थळे' ही चौकट बसत नव्हती. छपाई दुसऱ्या दिवशी होती. मी वाट नखभर सरकवली. नखभर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर. तेव्हा कुणी त्या नकाशावरून खांब रोवील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पर्यटकांचा नकाशा तो, शोभेचा.

९ मार्च, सोमवार

मास्तरांना सगळं माहीत आहे. पहिल्यापासून.

सकाळी ते खानावळीत आले आणि माझ्या ताटाशेजारी एक कागद ठेवला. खात्याचं पत्र, खाली माझी सही. घटनेनंतर त्यांनी खात्याला चार पत्रं लिहिली होती. पहिली तीन मी नस्तीत लावली. चौथ्याला उत्तर दिलं. 'नकाशा अचूक आहे. वाटाड्याच्या अज्ञानामुळे व निष्काळजीपणामुळे दुर्घटना घडली असावी.' हे वाक्य मी चहा पिता पिता लिहिलं होतं. या एका वाक्यावर चौकशी मिटली. ड्रायव्हरच्या आईने त्यानंतर घराबाहेर पाऊल टाकलं नाही. शेजारपाजारचे तिच्या मुलाला सात जणांचा मारेकरी म्हणायचे. ती गेली तेव्हा खांदा द्यायला चौघं जमवताना ड्रायव्हरच्या नाकी नऊ आले. त्या शेजाऱ्यांत मीही होतो, असं मास्तरच म्हणाले. मान खाली घालून, जमिनीकडे बघत म्हणाले.

मी हात जोडले. आत्ताच्या आत्ता सगळं लिहून देतो म्हणालो, आणि दिलं. दोन पानं, चुकीची कबुली, तारीख, सही. मास्तरांनी चष्मा लावून वाचलं. 'निष्काळजी'तला ष मी पोटफोड्या न काढता शहामृगाचा काढला होता, तो त्यांनी लाल पेनाने दुरुस्त केला. मग घडी घालून खिशात ठेवलं.

"हे नऊ वर्षांपूर्वी हवं होतं," म्हणाले. "आता कागदाचं काम राहिलं नाही, साहेब. आता तुमचंच काम आहे."

इथवर बस फक्त गुरुवारी येते. मोबाइलला रेंज नाही. फोन आहे तो शाळेत, मास्तरांच्या टेबलावर. हिला फोन लावला. मास्तर समोर बसून मुलांच्या वह्या तपासत होते. ही म्हणाली, तुमचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा का येतोय? मी म्हणालो, तब्येत ठीक आहे. मग म्हणाली, तुम्ही निघायच्या आधी कुण्या बाईचा फोन आला होता, साहेब स्वतःच येणार आहेत ना, दुसऱ्या कुणाला पाठवणार नाहीत ना, असं विचारत होती. फार मायेने बोलत होती.

१० मार्च, मंगळवार

निदान नकाशा तरी बरोबर काढून द्यावा म्हणून बसलो. मोजणीची जुनी आकडेवारी आणली होतीच. वाट जिथे हवी तिथे काढली, शाईने पक्की केली, दोनदा मोजली. तोंड धुवून आलो तर रेघ नखभर बाजूला होती.

हात थरथरला असेल. पुसून पुन्हा काढली. पट्टी धरून. डोळे मिटले नाहीत, जागचा हललो नाही. फक्त पेनाचं टोपण लावायला मान वळवली.

पाच वेळा काढली. पाचही वेळा तीच, जुनी, माझी वाट.

दुपारी सात जण आले. आज पाय दिसत होते. पोटरीपर्यंत पांढरे. शेवटची बाई सारखी मागे वळून गावाकडे बघत होती. मी झडप लावून घेतली. काकींनी येऊन ती उघडली. मी पुन्हा लावली. त्यांनी पुन्हा उघडली आणि बिजागरीची खीळच काढून पदरात बांधली.

११ मार्च, बुधवार

आवाज यायला लागलाय. भर उन्हात, पांढरीवरून. तरुण मुलाचा आवाज, मोकळा, खणखणीत. तो खांब मोजतो, मागच्यांना कळावं म्हणून. सदतीस... अडतीस... एकोणचाळीस... चाळीस... एकेचाळीस. मग थांबतो. मग विचारतो,

"पुढचा कुठाय?"

उत्तर नाही मिळालं की पुन्हा एकपासून.

ड्रायव्हर खाली अंगणात गाडी धूत होता. ऐकतोस का, मी वरून ओरडलो. तो म्हणाला, नऊ वर्षं ऐकतोय. भाऊ पहिल्यापासून मोजण्यात पक्का होता. गाडी धुताना त्याचेही ओठ हलत होते.

काकींच्या पाया पडलो. खरोखर पडलो, स्वयंपाकघराच्या फरशीवर. जाऊ द्या म्हणालो. त्यांनी मला धरून उठवलं, स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. त्या चिडत का नाहीत? चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तुमचा जीव घेऊन मी काय करू? माझ्या लेकीला चालायची सवय नव्हती हो. लहानपणी बाजारात गेलो तरी कडेवर घे म्हणायची. नऊ वर्षं झाली, तिला टेकायला मिळालं नाहीये. तुम्ही वाट काढलीत. तुम्ही नेऊन पोचवा."

मग विचारलं, जेवणार ना?

१२ मार्च, गुरुवार

बस आली. बॅग घेऊन धावलो. सगळं गाव दारात उभं होतं. कुणी अडवलं नाही. कंडक्टरने माझ्या मागे उभ्या असलेल्या काकींकडे पाहिलं आणि जागा नाही म्हणाला.

बस रिकामी होती. एक माणूस नव्हता. मी दांडी धरून लोंबकळलो. त्याने एकेक बोट सोडवलं, हळू, लहान मुलाची सोडवावीत तशी. कानाशी म्हणाला, माफ करा, माझी आत्या आहे ती.

नव्वद किलोमीटरवर दुसरं गाव. पाण्याचा थेंब नाही. तरी चालत निघालो. तासभर चाललो, पाठीला ऊन घेऊन, डांबरी रस्त्याने, नाकासमोर. मान वर केली तर समोर खानावळ.

१३ मार्च

रेघ आता कागदावर नाही. टेबलावर आहे. टेबलावरून भिंतीवर, भिंतीवरून खिडकीच्या चौकटीवर, तिथून बाहेर— पुसली. नखांनी खरवडली. हाताला मीठ लागतं.

दुपारी ते डोंगराकडे गेले नाहीत. एकेचाळिसाव्याला थांबले, वळले, आणि—

रांगेत मास्तरांची बायको ओळखली. फोटोतलाच चष्मा. काचा पांढऱ्या.

खाली काकी कुणासाठी तरी पलंगावर नवी चादर घालतायत. गुणगुणतायत.

१४ मार्च, सकाळ

ड्रायव्हर वर आला. म्हणाला, चला, पांढरीच्या पलीकडे मोठा रस्ता आहे, तिथे सोडतो. मला माहीत आहे तो कुठे नेणार. तरी निघालो. या खोलीत दुपार नको. गाडीत निदान चाकं आहेत, इंजिन आहे. मी त्याला सांगेन, मी विनवीन, माणूस आहे तो, तरुण आहे, त्याला—

मास्तर दारात होते. माझ्या बुटांची नाडी सुटली होती, ती वाकून बांधली.

साडेदहा

गाडीत लिहितोय. बाहेर पाहवत नाही. खांब. तो मोजतोय, मोठ्याने. बावीस. तेवीस. मी म्हणालो, थांब, माझ्या मुलीचं अजून लग्न व्हायचंय. तो म्हणाला, भावाचंही व्हायचं होतं. चोवीस.

अकरा

एकेचाळीस. गाडी बंद केली. किल्ली काढली. त्याचा राग आज प्रथम दिसला, डोळ्यांत पाणी आणि जबडा घट्ट. "अज्ञानी म्हणालात त्याला. निष्काळजी म्हणालात. आई ते कागदावरचं वाक्य रोज वाचून दाखवायला लावायची मला, जाईपर्यंत. आता तुम्ही शहाणे ना? दाखवा पुढचा." आणि उतरला. चाकांच्या खुणांवरून परत गेला. मागे वळला नाही.

मीही उतरलो, त्याच खुणांवरून दहा-वीस पावलं गेलो. खुणांवर ते उभे होते. माझ्या आणि गावाच्या मधे. सातही.

गाडीत परत. काचा वर.

पावणेबारा

पुढची चाकं खचली. हळूच. पापुद्रा फुटताना आवाज होतो, दुधावरची साय मोडावी तसा मऊ.

ते काही करत नाहीत. मारत नाहीत. काचेला हातही लावत नाहीत. नुसते उभे— थकलेले. किती थकलेत. काकींची लेक एका पायावर भार घेऊन उभी आहे, मग दुसऱ्या. सासूने तिचा खांदा धरलाय. मी काचेआडून म्हणालो, चूक झाली. वाटाड्या पोराने मान हलवली. ऐकू आलं म्हणून. मग हात पुढे केला. तुम्ही आधी, असा. पाहुण्याला म्हणतात तसा.

बारा

दारातून चिखल आत येतोय. थंड. टपावर चढलो. इथून डोंगर दिसतो. किती जवळ आहे. खरी वाट दिसते मला, डावीकडे, किलोमीटरभर— तिथे पोचायचं तर आधी मधलं—

ते रांगेत लागलेत. माझ्या मागे. पोरगा माझ्या मागे पहिला, मग नवरा, मग ती. सगळे माझ्या पाठीकडे बघतायत. भरवशाने. कसे बघतात. भरवशाने.

पोराने विचारलं. यावेळी मला.

मी हो म्हणालो. माहीत आहे म्हणालो. दुसरं काय सांगू त्यांना, नऊ वर्षं— मी म्हणालो माझ्या मागून या, माझ्याच पावलांवर पाय ठेवा, डावीकडे फार नाही. वही कमरेला खोचतो. उरलेलं तिकडे पोचल्यावर लि